दुसरं वाचन

रोज सकाळी आठ वाजता मी बूट घालून खुर्चीत बसते आणि पाय पुढे करते. समोर बुटक्या स्टुलावर बाबा बसलेले असतात. ते माझ्या नाड्या बांधतात. त्रेपन्न वर्षांच्या लेकीच्या नाड्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाने बांधायच्या, हे बघून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी पदराआड हसल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीच हे सांगितलं होतं. बोटांना काम द्या, गाठी मारू द्या. स्वतःच्या पायापर्यंत त्यांना वाकता येत नाही, म्हणून माझे पाय. दहा मिनिटं लागतात. दुहेरी गाठ मारायची आणि उरलेली टोकं बुटाच्या आत खोचायची, ही त्यांची पद्धत मी शाळेत जायला लागल्यापासून बदललेली नाही. लोंबत्या नाडीवर पाय पडतो, असं ते म्हणतात. मग मी बसने ऑफिसला जाते.

माझं काम काय ते सांगितलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. आम्ही मारल्या गेलेल्या मुलांच्या फाइली वाचतो. गेल्या चाळीस वर्षांतल्या. कुणी मारलं, घरात की बाहेर, मूल केवढं होतं, आधी काय घडलं, नंतर काय केलं. असे बावीस प्रश्न आणि त्यांचा एक तक्ता. उत्तरं शब्दांत लिहायची नाहीत, चौकटीत पेन्सिलीने खूण करायची. नववा प्रश्न नात्याचा. एक म्हणजे आई, दोन बाप, तीन सावत्र, चार घरातलं इतर कुणी, पाच ओळखीचं, सहा अनोळखी.

प्रत्येक फाइल दोघं जण वेगवेगळी वाचतात. एकमेकांशी बोलायचं नाही, दुसऱ्याचा तक्ता बघायचा नाही. मग ते दोन पातळ कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावायचे. खुणा खुणांवर बसल्या की फाइल बंद. नाही बसल्या तर तक्ते बाईंकडे जातात आणि बाई ते वरती पाठवतात. बाई म्हणजे आमच्या साहेब. ऑफिसात कॉम्प्युटर आहेत, पण बाईंचा काचेवर जास्त विश्वास आहे.

या कामाने माणूस संशयी होतो. आपण मुलांना अनोळखी माणसाशी बोलू नको म्हणून बजावतो आणि दार लावून घेतो. निदान आमच्या कपाटातल्या फाइली बघितल्या तर बऱ्याचदा दाराच्या आतच सगळं झालेलं असतं. जेवायला वाढणाऱ्या, अंगावर पांघरूण घालणाऱ्या हातांनी. एखादी फाइल वाचून झाल्यावर मी हात धुऊन येते आणि मग डबा उघडते.

आमच्या घराचं मात्र तसं नव्हतं. आमच्या गोटीला बाहेरच्या माणसाने मारलं होतं. गोटी म्हणजे माझी धाकटी बहीण, पाच वर्षांची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. इतक्या वर्षांत मी हे कुणापुढे बोलले नाही, पण आता लपवून काय करायचं: मला त्याचा अभिमान वाटायचा. घरातल्यांच्या फाइली वाचताना मी मनाशी म्हणायची, आमचे बाबा तसे नव्हते.

आमच्या ऑफिसात दुसरं वाचन चष्मा करतो. त्याला सगळे चष्माच म्हणतात. निवृत्तीला आलेला, चहात चार चमचे साखर घालणारा, तोंडाने फटकळ, वाचायला बारीक. वीस वर्षांत आमचे तक्ते काचेला न बसल्याच्या वेळा बोटांवर मोजता येतील. गेल्या महिन्यात त्याच्या एका डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्याला हॉस्पिटलात पालथं झोपवून ठेवलं. मी वाचलेल्या फाइली त्याच्या पिवळ्या ट्रेमध्ये साठत जाणार, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्रेमधल्या प्रत्येक फाइलीवर दुसरा तक्ता होता. भरलेला.

बाईंनी कुणीतरी बदली माणूस बसवला असेल असं मला वाटलं. खुणा दाबून केलेल्या होत्या, इतक्या की कागद उलटा केला तर पाठीमागे बोटाला टोचायच्या. वाचणाऱ्याच्या सहीची चौकट तेवढी रिकामी होती. नवा माणूस, विसरला असेल. मी तक्ते काचेला लावले.

अकरापैकी चार बसले नाहीत. चारही ठिकाणी नवव्या प्रश्नापाशी अडलं होतं. माझी खूण पाचावर किंवा सहावर, त्याची दोनावर किंवा चारावर. म्हणजे मी बाहेर म्हटलेलं तो घरात आणत होता. मला रागच आला. कालचा आलेला माणूस मला शिकवतो काय! मी पहिली फाइल पुन्हा उघडली. सात वर्षांचा मुलगा, शेजाऱ्याला शिक्षा झालेली. पान त्रेचाळीस, खालून तिसरी ओळ: मुलाच्या अंगाखाली घडी घातलेली चादर होती. चादर मुलाच्याच घरातली होती. ती ज्या कपाटात असायची त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुलाच्या काकाकडे असायची. ही ओळ मी आठवड्यापूर्वी वाचली होती आणि पुढे गेले होते. उरलेल्या तिन्ही फाइलींत अशीच एकेक ओळ निघाली.

मी बाईंकडे गेले.

"नवीन माणूस चांगला आहे," मी म्हटलं. "सही तेवढी करायला सांगा."

"कुठला नवीन माणूस?" बाईंनी मान वर केली. "मला वाटलं, तूच दोन्ही तक्ते भरतेयस. त्यावरून तुला बोलणारच होते."

दुपारी मी हॉस्पिटलात फोन लावला. नर्सने रिसीव्हर चष्म्याच्या कानाला धरला.

"मला ताटातली भाजी कुठली ते दिसत नाही, मी तक्ते कसले भरतोय," तो उशीत तोंड खुपसल्या आवाजात म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुझ्या ओळखीतलं कुणी लहान मूल आहे का गं?"

"का?"

"मंगळवारी दुपारी इथे कुणीतरी आलं होतं. कॉटच्या खाली बसून मला विचारत होतं, पेन्सिली कुठे ठेवता म्हणून. मी म्हटलं, डावा ड्रॉवर. नर्स म्हणते कुणी नव्हतं. औषधांचा परिणाम असेल."

मी फोन ठेवला आणि त्याच्या टेबलाचा डावा ड्रॉवर उघडला. पेन्सिलींची दोन टोकं उरली होती, करंगळीएवढी. दाताने चावलेली.

गोटी पेन्सिली चावायची. कुठलं मूल चावत नाही? मी ड्रॉवर बंद केला आणि बाईंना सांगितलं की मी घरी जाते, डोकं दुखतंय.

सोमवारी माझ्या निळ्या ट्रेमध्ये एकच फाइल होती. तपकिरी पुठ्ठा, वर सुतळी. आमच्याकडे अशा फाइली येत नाहीत, आमचं काम चाळीस वर्षांपर्यंतचं. ही चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची होती. आवक वहीत तिची नोंद नव्हती. वर गोटीचं पूर्ण नाव होतं, मोठ्या वळणदार अक्षरात. तिला त्या नावाने कधी कुणी हाक मारली नव्हती, त्यामुळे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

आपल्या माणसाची फाइल हातात आली तर ती न उघडता बाईंकडे द्यायची, असा नियम आहे. मी तो नव्या लोकांना स्वतः शिकवला आहे. मी फाइल बाईंकडे दिली नाही. आणि उघडलीही नाही. समोर कोरा तक्ता घेतला आणि एका दमात बावीस खुणा केल्या. नववा प्रश्न: सहा. नंतर काय केलं: काही नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिलं का: हो. फाइल न वाचता तक्ता भरण्याची सव्वीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. मला सगळं माहीत होतं. तो साक्षीदार मीच होते.

त्या दुपारी आई दवाखान्यात होती, पोटाच्या दुखण्याने. बाबा रजा काढून घरी होते. गोटी आईसाठी सकाळपासून रडत होती. शेवटी ती अनवाणीच जिना उतरून पळाली आणि बाबा तिच्या मागे गेले. थोड्या वेळाने ते वर आले, घटाघटा पाणी प्याले. "गोटीचे नवे बूट दे गं, अनवाणी हिंडतेय," असं म्हणाले. मी खोक्यातून बूट काढून दिले. ते परत खाली गेले. संध्याकाळी ते एकटेच आले आणि गोटी कुठेच सापडत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टाकीमागे सापडली. मला तिकडे नेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. त्याला शिक्षा झाली ती माझ्या शब्दावर. मी त्याला गोटीचा हात धरून जाताना खिडकीतून पाहिलं होतं. कोर्टात मला उंच खुर्चीवर बसवलं आणि दाखव म्हणाले. मी बोट केलं. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बाळा, नीट बघ." बाहेर आल्यावर बाबांनी मला उचलून घेतलं. शहाणी माझी मोठी, असं म्हणाले. शिक्षेच्या अकराव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. त्याची मुलगी आमच्या शाळेत होती, माझ्या खालच्या वर्गात. त्या निकालानंतर ती शाळेत आली नाही आणि मला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी फाइलीवर दुसरा तक्ता होता.

काचेला लावला. एकोणीस खुणा बसल्या, तीन बसल्या नाहीत. नववा प्रश्न: दोन. नंतर काय केलं: कपडे किंवा बूट घातले. साक्षीदार: सांगितलं ते बोलला.

मी आजूबाजूला पाहिलं. बाई फोनवर होत्या. मी खोडरबर घेतलं आणि दुसऱ्याच्या तक्त्यावरची खूण खोडली. आमच्याकडे यापेक्षा मोठा गुन्हा नाही. दोन पुसून मी सहा केला, बाकीचेही दोन्ही माझ्यासारखे केले आणि पुन्हा काचेला लावले. सगळं बसलं. फाइल बंद करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांच्या आवडीची पातळ खिचडी केली आणि त्यांना भरवली.

बुधवारी फाइल माझ्या ट्रेमध्ये होती.

तक्ता तोच, माझ्या खाडाखोडीसकट. दोनाच्या चौकटीत इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. काचेला धरला तेव्हा त्या भोकातून ऊन आलं आणि माझ्या मनगटावर पडलं.

मग मी सुतळी सोडली.

पंचनामा तिसऱ्या पानावर होता. त्या काळचे पोलीस नीट लिहायचे. मुलीच्या अंगात निळा फ्रॉक. केस नीट केलेले. पायांत नवे बूट, बुटांचे तळ स्वच्छ. नाड्यांना दुहेरी गाठ, टोकं बुटाच्या आत खोचलेली.

मी ते दोनदा वाचलं नाही. गरज नव्हती.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. माझ्या दोन्ही बुटांना दुहेरी गाठ होती. टोकं आत होती.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबा बूट हातात घेऊन तिला शोधत फिरले आणि ती सापडलीच नाही. मग ते बूट तिच्या पायांत कुठून आले? मला बुटांबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी नऊ वर्षांची होते, खोटं बोलायचं मला सुचलं नसतं. मला विचारलं ते फक्त छत्रीवाल्याबद्दल. आणि पहिल्यांदा कुणी विचारलं, तेही आता आठवलं. खिडकीपाशी मला मांडीवर घेऊन, केसांवरून हात फिरवत.

मी भर दुपारी घरी गेले. मावशींना भाजी आणायला पाठवलं. बाबा गॅलरीत उन्हाला बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र.

"आज लवकर?" ते म्हणाले.

मी समोरच्या स्टुलावर बसले. सकाळी ते बसतात त्याच. "बाबा, गोटीच्या पायांत बूट कधी घातलेत?"

त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. ते नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, काहीतरी कारण शोधून काढलं असतं. ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

"पाय गार पडले होते गं तिचे," ते म्हणाले.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"रडायची थांबेचना. मी नुसतं तोंड दाबलं होतं."

"आणि छत्रीवाला?"

"मी तुला विचारलं होतं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती. "छत्रीवाला होता ना गं, म्हणून. तू हो म्हणालीस."

मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. त्यांनी मला फसवलं होतं, तेही माझ्याच तोंडून. मी लग्न केलं नाही ते त्यांच्यासाठी. आई गेल्यावर त्यांचं सगळं मी केलं, अंग पुसण्यापासून. आणि रोज सकाळी त्यांच्या पुढ्यात पाय केले.

"शहाणी माझी मोठी," ते म्हणाले आणि माझ्या केसांकडे हात आणला. मी उठले.

पाचच्या आत मी ऑफिसात पोचले. माझ्या तक्त्यावरच्या तीन खुणा खोडल्या, तीन नव्या केल्या. काचेला लावलं. बावीस बसल्या. पण फाइल कपाटात ठेवली नाही, दोन्ही तक्ते बाईंपुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. खोडलेलंही. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हे वरती गेलं की तुझ्या घरी माणसं येतील. तुझा त्या वेळचा जबाबही निघेल."

"निघू दे."

"दुसरं वाचन कुणाचं म्हणून लिहू?"

बाईंनी ती चौकट तशीच सोडली.

माणसं दुसऱ्या दिवशी साडेनऊला येणार होती. सकाळी आठ वाजता मी खुर्चीत बसले आणि माझ्या नाड्या मीच बांधल्या. साधी गाठ. टोकं बाहेर सोडली. स्टूल रिकामं होतं.

"मोठे," बाबांनी आतून हाक मारली. "जरा ये गं इकडे."

ते पलंगावर उताणे होते. पायांत बूट होते. काळे, जुने, वारं गेल्यापासून माळ्यावर टाकलेले. माळ्याला शिडी लागते.

"सोड ना ते," ते म्हणाले. "पाय गार पडलेत."

मी वाकले. नाड्यांना दुहेरी गाठ होती, एवढी बारीक आणि घट्ट की नख शिरेना. चामड्यावर पेन्सिलीच्या शिशाने माखलेल्या बोटांचे करडे डाग होते. माझ्या बोटांच्या निम्मे.

"कुणी बांधल्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या शेजारी बघत होते, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवर.

"शहाणी ना माझी तू?" ते तिकडे बघून, हळू, आर्जवी आवाजात म्हणाले. "नाही ना रडणार आता?"

मी हात मागे घेतला आणि सरळ उभी राहिले. डाव्या बुटाच्या नाडीचं एक टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. मी बघत असताना ते हळूच आत खोचलं गेलं.